बांधावरची डबी

एका दगडानं हिंदुरावांच्या डोक्याला ताप दिला होता. निघोज्याच्या शिवारात नदीकाठी त्यांचं रान आणि रानातच घर, पलीकडे धाकट्या भावाचं, कोंडीरामचं, आणि मधल्या बांधावर हा दगड. वडिलांनी वाटणी केली तेव्हा हद्दीची खूण म्हणून ठेवलेला. शेजारी एक बाभूळ होती, ती मागच्या पुरात मोडून पडली. त्यानंतर दगडाला जणू पाय फुटले. रविवार उलटला की दगड वीतभर हिंदुरावांच्या रानात शिरलेला दिसे.

आसपास कंपन्या आल्यापासून वीतभर जमिनीसाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, हे हिंदुरावांनी पाहिलं होतं. पण सख्ख्या भावानं बांध कोरावा? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ते पहार घेऊन दगड परत पलीकडे रेटत, आणि कोंडीरामला अद्दल घडावी म्हणून जरा जास्तच रेटत. एकदा कोंडीराम काहीतरी सांगायला दारात आला, तर यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. तेव्हापासून बोलणंही बंद.

आता कोंडीरामच्या पिंकीचं लग्न निघालं होतं. आज संध्याकाळी हळद. हिंदुरावांना स्वतःची लेक नव्हती. पिंकी 'तात्या, तात्या' करत त्यांच्याच खांद्यावर बसून जत्रा बघत मोठी झालेली. तरी त्यांनी भावकीसमोर सांगून टाकलं होतं, कोंड्या आधी दगड सारल्याचं कबूल करील, तरच मी मांडवात पाय ठेवीन. बोलून बसले होते, आणि आता मागं फिरायचं तर नाक आड येत होतं.

आज रविवार. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून ते सकाळपासून पहार घेऊन बांधाजवळ उसाच्या सरीत दबा धरून बसले. निघताना बायकोनं, यशोदाबाईंनी, कपाळावर हात मारला होता.

"अवो, ज्याच्या घरी आज हळद हाय, त्यो बांध कोराया येईल व्हय?"

"तू गप ऱ्हा. तुला काय कळतंय?"

ऊन वाढलं, डासांनी चावून चावून हैराण केलं, पायांना मुंग्या आल्या. कोंडीरामचा पत्ता नाही. शेवटी त्यांच्याच रानाला लागून असलेल्या रस्त्याकडून एक बाई आली. पायात बूट, पाठीवर पिशवी, डोळे फोनवर. चालता चालता ती थांबे, दोन पावलं मागं जाई, पुन्हा पुढं येई. हिंदुरावांना वाटलं, आली मोजणीवाली. या भागात फोन बघत रानात फिरणारं माणूस म्हणजे नक्की कुणाचं तरी रान जाणार. पण बाई थेट दगडापाशी गेली, दोन्ही हातांनी तो स्वतःकडे कलंडवला आणि त्याच्या पोटातल्या खोबणीतून एक छोटी डबी काढली.

"ए बाई!" हिंदुराव सरीतून उठले. बाई किंचाळली.

तिचं नाव स्वरूपा. राहायला दिघीला, नोकरी चाकणच्या एका कंपनीत. ती चाचरत सांगू लागली. हा एक खेळ आहे, काका. आपण डबी लपवायची, जागा फोनवर आकड्यांत टाकायची, आणि लोकांनी ती शोधायची.

"सापडली की?"

"आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी परत ठेवायची."

"परत? मंग मिळतं काय?"

"आनंद मिळतो."

हिंदुरावांनी हात टेकले. "लोकाच्या बांधावर कशापायी? सारी नदी पडलीया की!"

"नदीकडची पट्टी पक्ष्यांसाठी राखीव आहे ना, काका. तिथं माणसं फिरली तर पक्षी घरटी सोडतात. म्हणून मुद्दाम बाहेर ठेवली, कुणाला त्रास नको म्हणून."

कुणाला त्रास नको! हिंदुरावांना हसावं की हिला नदीत ढकलावं, कळेना. रविवारच्या सुट्टीत डबी शोधायला रस्त्याकडून येणारा प्रत्येक जण दगड आपल्याकडे कलंडवत होता, आणि यांनी भावाच्या नावानं बोटं मोडली होती.

"पण काका," स्वरूपा फोन पुढं करत म्हणाली, "दगड इकडं कसा आला? आज डबी नीट आहे का बघायला आले, तर जागाच ओळखू येईना. मी ती ठेवली तेव्हाचा हा फोटो. दगड झाडाला टेकलेला होता."

फोटोत बाभूळ उभी होती आणि दगड तिच्या बुंध्याला चिकटलेला. हिंदुरावांनी पहारीनं गवत खरवडायला घेतलं. बुंध्याचं थोटूक सापडलं, दगडाच्या चांगलं दोन हात अलीकडे. दगड कोंडीरामच्या भुईमुगात बसला होता. बांध कोरला होता तो यांनी, स्वतःच्या हातांनी. हिंदुराव पहार टाकून थोटकाशेजारी बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात देवकासाठी उंबराची डहाळी तोडायला कोंडीराम नदीकडं आला. थोरल्या भावापुढचं थोटूक पाहून तो जागीच थांबला.

"तुला ठावं व्हतं?" हिंदुरावांनी विचारलं.

"व्हय. ही मानसं दगड हालवताना म्या बघितली व्हती. त्येच सांगाया आलो, तर तू दार लावलंस."

"मंग दगड तरी माघारी सारायचा!"

"सारला असता, तर तू पुन्यांदा भांडला असतास. ऱ्हाऊ दे दादा. दोन हात रान गेलं तर जाऊ दे. पिंकी सकाळधरनं इचारतीया, तात्या येणार का म्हणून."

हिंदुराव उठले. त्यांनी धोतरानं डोळे पुसले आणि ते सवयीनं खेकसले.

"रान जातंय कशानं? बघत काय बसलास? धर तिकडनं!"

दोघांनी दगड उचलून थोटकाला टेकवला. डबी हातात धरून स्वरूपा एका बाजूला उभी राहिली. आता ती कुठं ठेवायची, हे विचारायचा तिला धीर होईना. हिंदुरावांनी घराकडं तोंड करून हाक मारली.

"अगं, माझा धुतलेला सदरा काढ!"

"सकाळीच काढून ठिवलाय," आतून यशोदाबाई ओरडल्या.