मुडद्याचा सत्कार

भिवाजीने पुन्हा हात जोडले आणि बाभळीकडे बघून मोठ्याने सांगितलं, "आनंदा, तुझ्या तुळसाचं लगीन मी लावीन. माझ्या पोरीसारखं लावीन. तू घोर नको करू."

कावळे बाभळीवरच बसून राहिले. एकाने मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं आणि पंख साफ करायला घेतले.

मोहने गावच्या नदीकाठी ऊन चांगलंच चढलं होतं. आनंदाचा दहावा होता. पिंडाशेजारी त्याच्या आवडीचं सगळं मांडून झालेलं: बिडीबंडल, सुके बोंबील, अर्धी बाटली, कपात चहा. चहावर साय धरली, सायीवर मुंगळा चढला, पण एक कावळा खाली येईल तर शपथ! भिवाजी थोरला भाऊ. त्याने पोरीचं लग्न कबूल केलं, आईला सांभाळायचं कबूल केलं आणि शेवटी आंबिवलीकडची जमीन बिल्डरला न विकण्याचंही कबूल केलं. त्या जमिनीवरून भावाभावांत वाजलेलं साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे हे ऐकताच सगळ्यांनी माना वर केल्या. कावळ्यांनी नाही.

भटजींनी घड्याळ पाहिलं.

"मला कल्याणला दुसरीकडे जायचंय. दर्भाचा कावळा करू आणि शिववून टाकू. शास्त्रात तशी सोय आहे."

"गवताचा कावळा?" आनंदाची आई जनाबाई दगडावरून उठलीच. "माझा पोर काय गवताचा होता? खरा कावळा शिवल्याबिगर मी हितून हालायची नाय."

बायकांच्या मागे मंजुळा हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी होती. तिचा एका जागी पाय ठरत नव्हता. नवऱ्याचं कशात अडकलंय ते आपल्याला माहीत आहे, असं तिला सकाळपासून वाटत होतं, आणि ते बोलायची सोय नव्हती. लोक जमिनीचं बोलत होते, पोरीच्या लग्नाचं बोलत होते. त्यात आपण काय सांगायचं? की त्यांचं पुस्तक अर्धं राहिलंय?

आनंदा कारखान्यात होता. दुसरी पाळी असली की दुपारी जेवून उंबऱ्याला टेकायचा आणि कल्याणच्या लायब्ररीतून आणलेलं पुस्तक काढायचा. पुस्तक कसलं, चोपडंच ते. खुनाचं, पण हसायचं. मंजुळा तांदूळ निवडायची आणि तो मोठ्याने वाचायचा, आणि वाचता वाचता असा खिंकाळायचा की शेजारची कुत्री उठून जायची.

"लाज नाय वाटत? मानूस मेलाय त्यात," ती म्हणायची.

"अगं, यात मेलेल्याचं कोनालाच दुख नसतं, म्हनून तर हसायला येतं. आणि जाडं पुस्तक घेतलं तर मधीच भोंगा वाजतो. ह्ये कसं, सुटसुटीत. चोर घावला की मानूस कामाला मोकळा."

मग तीही हसायची. तोंडाला पदर लावून, पण पोट दुखेपर्यंत.

हे शेवटचं पुस्तक मात्र निम्म्यावर आलं आणि भोंगा वाजला. पान दुमडून आनंदा पाळीला गेला. मशीनपाशी छातीत कळ आली. दवाखान्यात नेईतो सगळं आटपलेलं.

तेव्हापासून मंजुळाला ना बसवत होतं, ना आडवं पडवत होतं. संध्याकाळी घरात गरुडपुराण चाले. कुणाला तेलात तळतात, कुणाला करवतीने कापतात, ते ऐकता ऐकता ती उठायची, ट्रंकेचं झाकण उघडून आत पुस्तक आहे ना ते बघायची आणि धाडकन झाकण लावायची. जळो मेलं ते पुस्तक! परक्याच्या मढ्यावर आपण दात काढले, म्हणून देवाने आपल्या दारात मढं आणलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. तरी आज निघताना तिने ते पिशवीत घातलं. पिंडाजवळ ठेवायला. नदीवर आल्यावर तेवढा धीर काही होईना.

"पिशवीत काय लपवतंस गं?" जनाबाईने विचारलं.

मंजुळाने पुस्तक बाहेर काढलं. वर खुर्चीत बसलेला मुडदा, त्याच्या गळ्यात हार आणि मागे दचकलेला डिटेक्टिव्ह, असं चित्र.

भिवाजीचं टाळकं सटकलं. "दहाव्याला खुनाचं पुस्तक? अगो, लोक तोंडात शेन घालतील आमच्या! ह्यापायीच तो संसारात कधी नीट—"

"तू गप रे," जनाबाई म्हणाली. तिने पुस्तक हातात घेतलं, उलटं सुलटं केलं. तिला वाचता येत नव्हतं. "ह्येच वाचून हसायचा ना तो? मी आत पडलेली असायची, मना ऐकू यायचं. अर्धं ठेवून गेला का?"

मंजुळाने मान हलवली.

"मग वाच. मोठ्यानं वाच, त्याला ऐकू जाव दे."

भटजींनी कपाळाला हात लावला. सगळे बघत होते. मंजुळा खाली बसली, दुमडलेलं पान उघडलं आणि वाचू लागली. पहिल्या ओळी तिच्या तिलाही ऐकू आल्या नाहीत. मग आवाज जरा सुटला.

गोष्ट अशी होती, की गावातल्या एका बड्या सावकाराचा सत्कार ठेवलेला. सावकार खुर्चीतच मेला. पण भाषणं चालू होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांनी त्याला हार घातले, शाल पांघरली, नारळ मांडीवर ठेवला. आता डिटेक्टिव्ह एकेका वक्त्याला विचारत होता, की तुम्ही बोलत होता तेव्हा सावकार जिवंत होते काय?

"'अर्थातच,' हेडमास्तर म्हणाले. 'माझं भाषण ऐकताना ते डोळे मिटून तल्लीन झाले होते.' 'माझ्या वेळी तर त्यांनी मान डोलावली,' सरपंच म्हणाले. 'ती मान पडली होती,' डिटेक्टिव्ह म्हणाला. 'पडू दे,' सरपंच म्हणाले, 'पण माझ्याच मुद्द्यावर पडली.'"

मागे कुणीतरी फुसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. मंजुळा वाचत राहिली. सावकाराची बायको जबानीत म्हणाली, की घरीही ते असेच बसायचे, मला काय फरक कळणार?

आणि जनाबाई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तोंडाचं बोळकं उघडून ती म्हातारी खदखदा हसली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि एका हाताने सुनेचा गुडघा धरलेला. तिला बघून बाकीच्यांचा बांध फुटला. भटजीसुद्धा उपरण्यात तोंड घालून हलत होते. भिवाजी नदीकडे तोंड करून उभा होता, पण त्याची पाठ गदगदत होती. तो हसत होता की रडत होता, देव जाणे.

"शिवला!" कुणीतरी ओरडलं.

कावळा केव्हा उतरला, कुणीच पाहिलं नाही. पिंड फोडून, एक शीत चोचीत धरून तो उडालाही होता. भटजींनी लगबगीने पळी-पंचपात्र आवरलं. "झालं. मोकळा झाला जीव. चला, आंघोळी करून घ्या."

कुणी उठेना. मंजुळा उडालेल्या कावळ्याकडे बघत होती. चोर सापडायच्या आतच आला मेला.

भिवाजी वळला. डोळे लाल. तो तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"वाच ना पुढं," तो म्हणाला. "मारला कोनी पन?"

मंजुळाने राहिलेली पानं बोटांत धरून पाहिली. थोडीच होती. बसल्या बैठकीला संपली असती. तिने पान दुमडलं आणि पुस्तक पदराखाली घेतलं.

"आज नाय, दादा. तेराव्याला."

"अगो, तवर जीव टांगणीला?"

"राहू द्या टांगणीला," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला मोठ्याने रडू फुटलं.