मूळ चित्राचा पाचवा नंबर

स्टुडिओत सगळेच त्यांना मामा म्हणत. खरे मामा ते एकाच मुलीचे होते, पण ती भाची तिथे कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी जिन्यातून "मामा, किल्ली कुठंय?" म्हणून ओरडली. तेव्हापासून मालकीणबाईंपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. भाचीलाही मामांनी लहानपणी ठेवलेलं नाव तिथे चिकटलं. एका जागी बसत नसे आणि होती एवढीशी, म्हणून मुंगी.

मामा एडिटर. उमर साठीला टेकलेली, हात अजून घड्याळासारखा. पण स्टुडिओत त्यांचा दबदबा होता तो हातापेक्षा डोळ्याचा. कुठलीही फिल्म बाहेर जायच्या आधी मामा मॉनिटरला नाक लावून बसत, डावा डोळा मिटत, उजवा बारीक करत आणि एकेक फ्रेम सोनार हिरा बघतो तशी बघत. त्यांनी "जाऊ दे" म्हटलं की फाइल जायची. नाही म्हटलं तर मालकीणबाईसुद्धा मध्ये पडत नसत.

गेले काही महिने मात्र मामा फारच नाही म्हणायला लागले होते.

भांडणाचं कारण होतं कोडेक. कोडेक म्हणजे चित्र घडी घालून लहान जागेत बसवायची रीत. घडी चांगली पडली तर उलगडल्यावर चुणी दिसत नाही. वाईट पडली तर पानं चिखलासारखी होतात, चेहऱ्यावरचे केस पुसले जातात. स्टुडिओतली लोखंडी कपाटं जुन्या चित्रणाच्या डिस्कांनी गच्च भरली होती, नवीन कामाला जागा उरली नव्हती. सगळं जुनं चित्रण नव्या कोडेकमध्ये उतरवायचं, तपासायचं, मग मूळ पुसून डिस्का परत वापरायच्या, असं ठरलं होतं. कोडेक निवडायचं काम अर्थातच मामांच्या डोळ्याकडे आलं.

मुंगीनं महिनाभर खपून एक कोडेक पसंत केला. मामांनी तो बघितला आणि मधोमध चित्र विरघळतंय म्हणून परत पाठवला. तिनं चित्राला आणखी जागा दिली, फाइल दुप्पट मोठी केली. मामा म्हणाले, आता तर जास्तच विरघळतंय. तिनं स्वतःच्या मॉनिटरवर बघितलं, बाईंच्या खोलीतल्या टीव्हीवर बघितलं, कुठे काही नव्हतं. तसं सांगितल्यावर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला दिसत नसेल तर शिक. मला शिकवू नकोस." मुंगीचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून ती जेवायला त्यांच्या टेबलावर बसेनाशी झाली. घरी मामी विचारायच्या, मुंगी हल्ली फिरकत नाही ती का, आणि मामा सांगायचे, काम आहे.

शेवटी मामांनीच दुसरा एक कोडेक निवडला. त्याच्या फाइली सगळ्यात लहान. चित्र "शांत" आहे म्हणाले. मुंगीनं दोनदा सांगितलं की हा फार दाबतो, बारकावे खातो. दोन्ही वेळा बाईंनी मामांचंच ऐकलं. पहिलं कपाट त्या कोडेकमध्ये उतरवलं गेलं आणि मूळ चित्रण पुसलं गेलं. पुसायचं बटण मुंगीनंच दाबलं, कारण ते तिचं काम होतं.

दुसऱ्या कपाटाची पाळी आली तेव्हा ती सरळ बाईंच्या खोलीत गेली. तिचं एकच मागणं होतं. एकाच शॉटच्या पाच फाइली करते, नावं झाकते, मामांनी नंबर लावावेत. तुम्ही समोर बसा. त्यात जे निघेल ते मी मान्य करीन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही.

मामांना हा प्रकार ऐकून गंमतच वाटली. "पोरगी परीक्षा घेतेय माझी," असं हसत हसत म्हणून ते खुर्चीत बसले. बाई मागच्या स्टुलावर टेकल्या.

शॉट मुद्दाम अवघड घेतला होता. एका उंच इमारतीच्या गॅलऱ्या, त्यांचे लोखंडी गज, दोरीवर हलणारे कपडे, खाली झाडाची पानं आणि कारंज्याचं उडणारं पाणी. अशा चित्रात कोडेकची लबाडी लपत नाही. मामांनी डावा डोळा मिटला आणि कामाला लागले. मागे गेले, पुढे आले, झूम करून गज तपासले. मधून मधून "हं" म्हणत होते. मुंगी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

बऱ्याच वेळानं त्यांनी नंबर सांगितले. चौथ्या फाइलला पहिला नंबर. चित्र स्वच्छ, डोळ्याला त्रास नाही. मग पहिली, मग तिसरी, मग पाचवी. आणि दुसरी फाइल सगळ्यात शेवटी. ती का वाईट तेही त्यांनी समजावून सांगितलं. गज मधोमध वाकतायत, एक-दोन ठिकाणी तर तुटतायत, आणि मधल्या गॅलरीतल्या बाईचा चेहरा धुऊन निघालाय. ज्यानं हा कोडेक केला त्यानं तो परत घ्यावा.

मुंगी भिंतीपासून हलली. ती जिंकायला आली होती. मामांनी तिचा कोडेक पहिला-दुसरा लावला असता तर तिनं लगेच नावं उघडून दाखवली असती. पण आता तिनं माऊस हातात घेतला आणि तिथेच थांबली.

"उघड ना," बाई म्हणाल्या.

तिनं नावं उघडली. चौथी फाइल म्हणजे सगळ्यात जास्त दाबलेली, पहिलं कपाट ज्यात उतरवलं तोच कोडेक. तिसरी मुंगीच्या कोडेकची. आणि दुसरी, पाचव्या नंबरची, तिला कोडेक लावलेलाच नव्हता. ते कॅमेऱ्यातून आलेलं मूळ चित्र होतं.

मामा हसले, पण ते हसू काही नीट उमटलं नाही. "दोघी मिळून माझा मामा बनवताय का?" त्यांनी विचारलं. कुणी हसलं नाही. तेव्हा त्यांचा पारा चढला. नावं अदलाबदल झालीत, नाहीतर केलीत, असं ते म्हणाले. मुंगीला बाजूला सारून त्यांनी स्वतः मूळ चित्रण डिस्कवरून टाइमलाइनवर ओढलं, दुसऱ्या फाइलच्या वर ठेवलं आणि एकातून दुसरं वजा केलं. ही तपासणी त्यांनीच मुंगीला शिकवली होती. जिथे फरक तिथे उजेड. फरकच नसेल तर सगळं काळं.

पडदा काळा झाला. मामांनी उजेड वाढवत वाढवत टोकाला नेला. काळंच. ठिपक्याचाही फरक नव्हता.

त्यांनी वरची फाइल काढली. पुन्हा एक डोळा मिटून बघितलं. गज वाकलेलेच होते.

"मॉनिटर गेलाय," ते म्हणाले. आता आवाज बारीक झाला होता. "चौकटी लाव."

मॉनिटर तपासायला एक पाटी असते, काळ्यावर पांढऱ्या आडव्या-उभ्या रेघा. मुंगीनं ती लावली. डावा डोळा मिटलेलाच ठेवून मामांनी बोट ठेवलं. "हे बघ. इथे. फुगवटा आलाय, रेघा बाहेर ढकलल्यात."

"मामा, सरळ आहेत रे," कोपऱ्यातल्या रेघेवर बोट ठेवत मुंगी म्हणाली.

"इथे बघ म्हणतोय ना!" आणि तिचं बोट मध्ये आणायला म्हणून त्यांनी नजर तिच्या बोटाकडे, पडद्याच्या कोपऱ्यात नेली. फुगवटाही कोपऱ्यात गेला.

मामांनी नजर वर नेली. तो वर गेला. भिंतीवर नेली, तर दाराच्या चौकटीची कड वाकली. बाईंच्या तोंडाकडे बघितलं. बाईंना कान होते, केस होते, गळ्यातला चष्म्याचा गोफ होता, आणि मध्ये नाक-डोळे असायला हवेत तिथे ओल्या कागदासारखं काहीतरी पुसट होतं.

त्यांनी हळूच डावा डोळा उघडून उजवा मिटला. रेघा सरळ. बाई जशा होत्या तशा, आणि घाबरलेल्या.

"डाव्यानं नीट दिसतंय?" मुंगीनं विचारलं. तिला उलगडलं होतं.

मामांनी मान हलवली. मग एवढंच म्हणाले, "पोरी, तू दोन महिने खरं बोलत होतीस."

त्या वेळी बाई मध्ये जे बोलल्या ते मुद्दाम दुखवायला नव्हतं. त्यांना ते तेव्हाच सुचलं आणि तोंडातून निघून गेलं. "मग पहिलं कपाट?"

पहिल्या कपाटात साहेबांचं चित्रण होतं. साहेब म्हणजे बाईंचे यजमान, हा स्टुडिओ ज्यांनी काढला ते कॅमेरामन, तीन वर्षांपूर्वी गेलेले. तरुणपणापासूनचं त्यांचं सगळं काम त्या कपाटात होतं. आता ते चौथ्या फाइलसारखं झालं होतं, शांत, आणि मूळ कुठेच नव्हतं. मुंगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाई उठल्या, पहारेकऱ्याला गाडी आणायला सांगितली आणि दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवून दिलं. स्वतः गेल्या नाहीत.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घालून मामांना अंधारात बसवलं. मुंगी शेजारी. मग डॉक्टरबाईंनी पडद्यावर डोळ्याच्या आतलं चित्र दाखवून सांगितलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात आणि त्या झिरपतायत. पाण्यानं पडदा मध्ये उचलला गेलाय, म्हणून सरळ ते वाकडं दिसतं; चित्र जितकं रेखीव तितकं जास्त, पुसट चित्रात ते कळत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सगळं सावरून घेतो, त्यामुळे घरी-दारी कळत नाही. महिन्याला एक इंजेक्शन द्यायचं, डोळ्यातच. झिरपणं थांबेल. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही.

"किती दिवस होतंय असं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मामांनी मुंगीकडे बघितलं. मुंगी म्हणाली, "निदान दोन महिने. मला वाटलं, हट्ट करतोय." आणि तिला रडू फुटलं. तिच्या मनात सारखं तेच घोळत होतं. पहिल्याच दिवशी तिनं भांडायच्या ऐवजी विचारायला हवं होतं की मामा, असं कसं, मला तर काहीच दिसत नाही. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला. डोळ्यांत अजून थेंब, सगळं धूसर, तो हात आधी तिच्या कानाला लागला.

घरी मामींनी इंजेक्शन डोळ्यात म्हणजे डोळ्याच्या जवळ ना, असं तीनदा विचारलं. मग ताट वाढलं आणि न जेवता उठल्या. नंतर त्या दर वेळी सोबत गेल्या आणि दर वेळी बाहेरच बसून राहिल्या.

तिसऱ्या इंजेक्शननंतर फुगवटा बसला. पूर्ण नाही, गज आता तुटत नव्हते, पण मध्ये एक हलकासा बाक राहिलाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, ह्यावर समाधान माना. मामा स्टुडिओत गेले आणि सरळ बाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले. निरोप घ्यायचा असं घरून ठरवून निघाले होते.

बाई टीव्हीवर साहेबांचं चित्रण बघत होत्या. एक नदी, सकाळची वेळ. त्यांनी मामांना बसा म्हटलं. थोडा वेळ दोघांनी नदी बघितली.

"सगळं कपाट बघून झालं माझं," बाई म्हणाल्या. "फरक कळतो मला, मामा. पाण्यावर चमक असायची. त्या चमकेसाठी ते तास तास थांबायचे आणि मी थंडीत कुडकुडत शिव्या घालायची. ती गेली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती आहे असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," मामा म्हणाले.

"पण तुम्ही निवडलं असलं तरी हो मी म्हटलं. मुंगी दोनदा सांगत होती आणि मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला डोळे नव्हते का?" त्यांनी टीव्ही बंद केला. "काम सोडायचं म्हणाल तर ते मी ऐकणार नाही. कापायला डोळ्यापेक्षा कान आणि डोकं जास्त लागतं, हे तुम्हीच सांगत आलात."

नुसतं "बरं" म्हणून मामा बाहेर आले.

दुसरं कपाट मुंगीच्या कोडेकमध्ये उतरवायचं ठरलं. मूळ पुसायच्या आधी दोन वेगळ्या माणसांनी बघायचं आणि दोघांचं जमलं तरच पुसायचं, असा दंडक बाईंनी घातला. शेवटची तपासणी मुंगीची. तिला त्या खुर्चीत बसायचं जिवावर आलं. खुर्ची तिच्यासाठी खालीवर करायचा दांडा मामांनी वाकून स्वतः फिरवला.

पहिलीच फाइल तिनं बघायला घेतली. मामा मागे स्टुलावर. ती फार वेळ बघत राहिली, मागे गेली, पुढे आली, मग थांबली.

"नाही," ती म्हणाली. "सावलीत पट्टे येतायत. झाडाच्या बुंध्याशी. माझ्याच कोडेकमध्ये येतायत. परत करायला हवी."

मामा पुढे झाले. उजव्यानं बघितलं, डाव्यानं बघितलं, मग दोन्हींनी. त्यांना बुंधा दिसला, सावली दिसली. पट्टे कुठेच दिसले नाहीत. मुंगीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"दिसतायत तुला?" मामांनी विचारलं.

"हो."

"मग परत कर," मामा म्हणाले.