पाच वेळा मशीनवर

रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून दादांना बघायला माणसं येत. दादा म्हणजे गादीवाले. चाळीस वर्षं कापूस पिंजून त्यांनी अर्ध्या शहराला झोपवलं, आणि त्या कापसाच्या धुळीनं छाती अशी भरली की आता त्यांना स्वतःला आडवं होता येत नव्हतं. पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, उशीवर कोपरं, अशी त्यांची रात्रंदिवसाची बैठक. चहाला धाकटी सून होतीच.

आलेला प्रत्येकजण विचारी, "काय दादा, बरं आहे ना?" तेवढ्या उत्तराला दादांना चार श्वास लागत. गप्प राहिले तर थोरला मुलगा म्हणे, "बोला की! लोक एवढ्या लांबून आलेत."

मग थोरला मोबाइल काढी. फोटोत दादा, तोंडात नळी, आणि नळी उपटू नये म्हणून दोन्ही मनगटं पलंगाला बांधलेली. बिस्किटांच्या बशीमागोमाग फोटो हातोहात फिरे.

"पाच वेळा मशीनवर ठेवलं," थोरला सांगे. "पाच वेळा परत आणलं."

"मुलगा असावा तर असा," दर रविवारी हजर असणाऱ्या मावशी म्हणत. "आमच्या दिरांना त्यांच्या पोरांनी दोनदाच ठेवलं हो." दोनदाच म्हणताना त्यांचं तोंड असं होई, जणू दिरांना उकिरड्यावर टाकलं होतं.

बशा उचलताना धाकटी फोटो पालथा घाली. त्या मनगटांवरचे वळ तिनं महिनाभर मलम चोळून घालवले होते.

छातीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, म्हणून बुधवारी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या, सिस्टर घरी आल्या. स्टूल ओढून दादांच्या समोर बसल्या. "दादा, तुम्हाला काय हवंय?"

थोरल्यानं उत्तरासाठी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही," सिस्टर म्हणाल्या.

दादांना वेळ लागला. "मशीन... नको. इथंच."

सिस्टरनी ते लिहून दादांची सही घेतली. गालावर वारा येईल असा छोटा पंखा लावला, डॉक्टरांनी लिहून दिलेलं मॉर्फिन किती आणि कधी द्यायचं ते धाकटीला दाखवलं.

"बापाला अफू पाजू?" थोरला उसळला.

"आजार जाणार नाही. पण जीव गुदमरतो ना, ते कमी करता येतं."

"म्हणजे सोडून द्यायचं, असंच ना?"

"सोडून द्यायचं असतं तर तीन जिने कशाला चढले असते?"

त्या रविवारी मावशींनी "जरा हसा की!" असा आग्रह धरला. दादा हसायला गेले आणि श्वास अडकला. ओठ निळे पडले. थोरल्यानं अँब्युलन्सला फोन केला, आणि मग केस विंचरले.

"सहावी वेळ!" मावशी कौतुकानं म्हणाल्या.

"बाहेर व्हा," धाकटी म्हणाली. "सगळे." पाहुणे बाहेरच्या खोलीत सरकले. तिनं खिडकी उघडली, औषध दिलं, पंखा गालाजवळ धरला. दादांच्या पाठीवर हात ठेवून ती त्यांच्याबरोबर हळूहळू श्वास सोडत राहिली. फोनवर सिस्टर होत्याच.

स्ट्रेचर वर येईपर्यंत दादांचा श्वास लयीत आला होता. धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"दादा, जायचंय?"

दादांनी मान हलवली. नाही.

"पेशंट नको म्हणतोय," स्ट्रेचरवाला म्हणाला.

"त्यांना काय कळतंय!" थोरला ओरडला.

"चाळीस वर्षं दुकान चालवलं त्यांनी, भावोजी. त्यांना कळतं. सहीसुद्धा आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. गुदमरते ती छाती लोकांची नाही."

तिच्या नवऱ्यानं फरशीकडे बघितलं. हे काम त्याला छान जमे. स्ट्रेचर रिकामं खाली गेलं.

दादा गुरुवारी दुपारी गेले. घरात, बसल्या बसल्या, हात मोकळे.

भेटायला आलेल्यांना थोरला सांगत होता, "मी नेणार होतो. हिनं नेऊ दिलं नाही." मंडळी धाकटीकडे बघत होती. खुन्याकडे बघतात तशी, पण जरा जास्त उत्सुकतेनं.

मावशी सरकत तिच्याजवळ आल्या. "शेवटी फार तडफडले असतील ना गं?"

"नाही."

"अगदीच नाही?"

"पाणी मागितलं, प्यायले, डोळे मिटले."

आणखी काही असेल म्हणून मावशी वाट पाहत राहिल्या. त्यांचा चांगलाच विरस झाला होता.

"मावशी," धाकटी म्हणाली, "तुम्हाला काय हवंय ते आत्ताच लिहून ठेवा. तुमची मुलं फार गुणी आहेत."