कडक पेडल

मंगळवार, १६ जानेवारी १९७९. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी खापरखेड्याच्या वीज केंद्राचे कामगार घेऊन निघालेली बस महादुल्याच्या अलीकडे गचकन थांबली. उभा असलेला एक कामगार, बळीराम, समोरच्या दांडीवर आदळला आणि त्याचं मनगट मोडलं.

ब्रेक दाबलाच नाही, असं ड्रायव्हर शालिकराम सांगत होता. गाडी जड वाटली म्हणून फक्त ॲक्सिलेटर सोडला, एवढंच. अर्ध्या तासाने तीच बस निमूटपणे निघाली, कामगारांना पोचवून वाडीच्या गॅरेजपर्यंत आली. त्यामुळे बसमालक भैयाजींचे मुनीम नत्थूजी यांनी निकाल लावून टाकला: ड्रायव्हरला डुलकी लागली, दचकून त्याने ब्रेक दाबला. शालिकरामला बसवरून उतरवलं. तो शिक्का बसला असता, तर अमरावती रोडवरच्या एकाही मालकाने शालिकरामला पुन्हा गाडीवर बसवलं नसतं.

गॅरेज धोंडबाचं. एकोणीस वर्षं तो फक्त ब्रेकचं काम करत होता. त्याचं पेडल कडक असायचं. पाय टेकला की ब्रेक लागलाच. त्यासाठी लांबच्या खापा गावाहूनही गाड्या यायच्या. पेडलला बोटभर ढील, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल, ठेवावी, असं कंपनीच्या पुस्तकात छापलेलं होतं. धोंडबा म्हणायचा, "ढील पतंगाले द्यावी, ब्रेकाले काय कामाची?" ड्रायव्हर हसायचे आणि पेडल कडकच करून घ्यायचे. या बसचे ब्रेकही त्यानेच आदल्या दिवशी बांधले होते.

मंगळवारी आणि बुधवारी त्याने चारही चाकं तपासली. दोष सापडला नाही.

"भाऊ, मी पाय ठेवलाच नाही," शालिकराम म्हणाला. "तुमाले बी खोटं वाटते का?"

"मले वाटून काय होते? गाडी काय म्हणते ते पाहू."

"गाडी तर काहीच म्हणून नाही राहिली," नत्थूजी म्हणाले.

"थंडी गाडी काय सांगन, नत्थूजी? लोकं भरून पूर्ण रस्ता चालवू. यालेच बसवा. तुमीबी चाला, याच्या पायावर नजर ठेवा."

गुरुवारी पहाटे बस निघाली तेव्हा धोंडबा ड्रायव्हरच्या पायाशी उकिडवा बसला होता, तळहात ब्रेकच्या पेडलखाली धरून. मागून एक कामगार म्हणाला, "काहून गा मिस्तरी, ब्रेकाले भीक मागून राहिला का?"

"देऊन तर नाही राहिला," धोंडबा म्हणाला. बस हसली.

मानकापूर गेलं. काही झालं नाही. कोराडी जवळ आली तशी गाडी जड होऊ लागली. शालिकरामचा पाय ॲक्सिलेटरवर होता, नत्थूजी तो वाकून पाहत होते, आणि धोंडबाच्या हातावरचं पेडल तसूभरही हललं नव्हतं. तरी बस रखडत रखडत उभी राहिली. खाली उतरून धोंडबाने चाकाच्या ड्रमवर पाणी शिंपडलं. ते चर्र करून उडालं.

"निपल खोला, तेल सोडा," नत्थूजी म्हणाले. "पाळीची वेळ होऊन राहिली."

हा उपाय रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक होता. चाकामागचं निपल सैल केलं की अडकलेलं तेल पिचकारीसारखं बाहेर येतं आणि चाक सुटतं. पण मग ते तेल कशामुळे अडकलं होतं, हे कधीच कळत नाही. दोष रबराचाही म्हणता येतो, तेलाचाही, नशिबाचाही. धोंडबाच्या मनात बुधवारपासून एक शंका होती. ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती.

"निपल नाही खोलत," तो म्हणाला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला.

पेडलपासून ब्रेकच्या मुख्य सिलेंडरपर्यंत एक रॉड जातो. त्याने त्याचा नट सैल केला, रॉड अर्धा फेरा मागे घेतला आणि खालूनच ओरडला, "गाडी ढकला."

आठ-दहा जणांनी खांदा लावला. बस चार हात पुढे सरकली.

धोंडबाची शंका खरी ठरली. जुन्या गाड्यांत पेडलच्या झिजलेल्या पिनांत ढील आपोआप उरायची. इतकी वर्षं त्याचं कडक पेडल त्या झिजेवर निभावलं होतं. ही बस सव्वा वर्षाची, पिना घट्ट. ढील शून्य झाली होती. रॉड आत रुतलेला, तेलाला परतायची वाट बंद, आणि तापून ते फुगलं की ब्रेक आपसूक लागायचा, थंड झालं की सुटायचा.

तो बाहेर आला. "चूक माही आहे," त्याने सांगितलं.

नत्थूजींनी त्याला बाजूला घेतलं. "गाडी सुटली ना? भैयाजीले सांगू, गाडीत काही नव्हतं. तुमचं नाव कायले खराब करता?"

"आन शालिकरामचं?"

"ड्रायव्हर दुसरा भेटते."

"कागद द्या," धोंडबा म्हणाला.

इंजिनाच्या झाकणावर ठेवून त्याने लिहिलं: ढील मी काढली, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर नव्हता, रॉड अर्धा फेरा मागे घेताच चाकं मोकळी झाली. खाली मोठ्या ठसठशीत अक्षरांत पूर्ण नाव, आणि त्याखाली 'ब्रेक मिस्त्री'.

शालिकरामने वाचलं. "भाऊ, नाव एवढं मोठं काहून?"

"लहान मले लिहिताच येत नाही."

शुक्रवारी धोंडबाने आपल्या हातच्या चार नव्या गाड्या शोधून बोलावल्या आणि प्रत्येकीला बोटभर ढील दिली. एक ड्रायव्हर कुरकुरला, "पेडल पहिल्यासारखं नाही राहिलं."

"नाहीच राहणार," धोंडबा म्हणाला. तो ड्रायव्हर दुसऱ्या गॅरेजला गेला. धोंडबाने त्याला हाक मारली नाही.

शनिवारी भैयाजींनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

सोमवारी सकाळी साडेपाचला शालिकराम खाकी घालून बसपाशी हजर होता. पाच पस्तीसपर्यंत नत्थूजींनी किल्ली त्यालाही दिलेली नव्हती आणि दुसऱ्या कोणालाही नाही.