मूळ आहे की नाही

छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं वाचणाऱ्या काकूंनी एकही चूक पुढे जाऊ दिली नव्हती. असं त्या स्वतःच सांगत, पण मालकही मान डोलवत, म्हणजे खरंच असणार. निवृत्तीला महिना उरला आणि गणिताच्या सरांचं पुस्तक येऊन आदळलं. सरांचा राग कायम नाकावर.

पान ऐंशीवर भली लांबलचक संख्या होती: २१४७४८३५४७. अशा संख्यांसाठी काकूंची एक युक्ती होती. आधी अंकाला अंक ताडायचा, मग मूळ प्रतीतल्या अंकांची बेरीज, प्रुफातल्या अंकांची बेरीज, आणि दोन्ही सारख्या आल्या की जीव भांड्यात. इथे दोन्हीकडे पंचेचाळीस. लाल शाईने ४५ लिहून त्यांनी प्रूफ सरांकडे धाडलं.

ते परत आलं, समासात टोकदार अक्षरात लिहिलेलं: ‘मूळ संख्या हवी!’

काकूंनी मूळ प्रत उघडली. सरांच्याच हातची, अगदी तीच संख्या. त्यांनी खाली लिहिलं, ‘मूळच आहे.’

दुसऱ्या प्रुफावर उत्तर: ‘मूळ नाही!!’

“या माणसाला स्वतःचं अक्षर वाचता येत नाही वाटतं,” काकू पुटपुटल्या आणि ‘छापा’ असा शेरा मारून मोकळ्या झाल्या.

पान छापून झालं, आणि तिसऱ्या दिवशी सर तेच पान फडकवत मालकांच्या खोलीत. यंत्रांच्या खडखडाटातही त्यांचा आवाज ऐकू येत होता.

“शुद्धिपत्र काढा! ‘मुद्रितशोधकाच्या चुकीमुळे’ असं स्पष्ट छापा!”

बाहेर काकूंनी ते ऐकलं. एकतीस वर्षं निभावलं, आणि जाता जाता छापील ठपका? मूळ प्रत छातीशी धरून त्या तरातरा आत गेल्या.

“सर, मूळ संख्या हवी म्हणालात. ही घ्या तुमची मूळ.”

“अहो बाई, मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही ती! तुम्ही कसली मूळ घेऊन बसलात?”

अगं बाई! म्हणजे इतके दिवस दोघं एकाच शब्दावरून दोन वेगळी भांडणं भांडत होते. काकूंना हसू फुटणार होतं, तेवढ्यात नजर लाल ४५ वर गेली. शाळेतला नियम आठवला आणि त्यांचे डोळे चमकले.

“सर, अंकांची बेरीज पंचेचाळीस आली, तर संख्येला तीनाने भाग जातो ना?”

“शेंबडं पोरही सांगेल! म्हणून तर ओरडतोय!”

“मग जरा तुमच्या प्रतीतली बेरीज करा.”

सरांनी केली. पुन्हा केली. चेहरा पार उतरला. “इथे... पाचाच्या जागी सहा हवा होता,” ते हळूच म्हणाले.

“म्हणजे नक्की काय झालं?” मालक गोंधळले.

“मूळ आहे, म्हणूनच मूळ नाही,” काकू म्हणाल्या.

सर खाकरले. “पण मी दोनदा लिहिलं होतं, तुम्ही विचारायला हवं होतं. जाऊ द्या, चूक दोघांत अर्धी-अर्धी वाटून घेऊ.”

काकूंनी सावकाश चष्मा पुसला.

“नाही हो सर. ही मूळ चूक आहे. हिचे भाग पडत नाहीत.”