कुरतडलेल्या कोपऱ्यातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना गीतसंग्रह आहे. पाठीला चामडे, पोटात सहाशे गीते आणि खालचा उजवा कोपरा उंदराने खाल्लेला. देवाची स्तुती माझ्यात ठासून भरली आहे, पण स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला हातात धरून लोक डोळे मिटून गात, तेव्हा कोणाचे डोळे किलकिले आहेत हे मी खालून बघत असे. बऱ्याच जणांचे असत.

माझी छपाई प्रशियातली. आमची माणसे मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती, ती हाती शस्त्र धरत नाहीत. मुलांना फौजेत पाठवावे लागू नये म्हणून त्यांनी घरेदारे विकली आणि ती पूर्वेकडे निघाली, आधी घोडागाड्यांतून, मग उंटांवरून. तो सगळा प्रवास मी पिठाच्या पेटीत केला. तिथल्या उंदराला पिठापेक्षा माझ्या बांधणीची खळ जास्त आवडली. मध्य आशियात तलास नदीच्या खोऱ्यात लिंडेनताल गाव वसले तोवर माझा कोपरा त्याच्या पोटात गेला होता. मला वाटले, आता मला चुलीत घालतील. पण पुस्तके मोजकीच होती, म्हणून मला प्रार्थनाघराच्या कपाटात जागा मिळाली.

आता आमच्या गावची रीत ऐका, कारण सगळा घोटाळा तिच्यातच आहे. मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, आम्ही मते मोजून निवडत नाही. मते माणसांची असतात, आणि मंडळी देवाची. म्हणून लोक आधी दोन-तीन नावे सुचवतात. मग जितकी नावे तितके गीतसंग्रह घ्यायचे, एकात क्रूस काढलेली चिठ्ठी ठेवायची, प्रत्येक दोऱ्याने बांधायचा, सगळे उलटसुलट करायचे आणि मेजावर मांडायचे. नाव आलेल्यांपैकी ज्याला आतून हाक येईल त्याने उठून एक उचलायचे. क्रम नाही, घाई नाही. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी, तो मरेपर्यंत पाळक, गावात शब्द त्याचा, आणि ते पुस्तकही त्याचेच.

रीत चांगली आहे. फक्त पुस्तके सारखी दिसायला हवीत ना? माझा कोपरा सगळ्या गावाला ठाऊक होता. पण हे बोलणार कोण? आमच्यात प्रार्थनाघरात भावावर संशय घेणे हे लबाडीपेक्षा मोठे पाप समजतात. लबाडाला याहून सोयीचे ते काय!

म्हातारे पाळक वारले त्या वसंतात तीन नावे आली. पहिले इस्ब्रांड क्विरिंग, चीज करणारे, एका पायाने अधू, बोलायला मुखदुर्बळ. दुसरे मधमाश्या पाळणारे कॉर्नेलियस पेन्नर. तिसरा हाइनरिख फास्ट, चौतिशीचा, तापट, पाणचक्कीचा मालक. त्याने उघड सांगितले होते, की आपल्या हाती कारभार आला तर उन्हाळ्यात पाटाची फळी टाकून खालच्या अंगाच्या किर्गिझ लोकांचे पाणी बंद करायचे, म्हणजे चक्की बारमाही चालेल. खालच्या अंगाला सिदिक नावाच्या किर्गिझ म्होरक्याची वाडी होती, चाळीस तंबू, त्यांचे जव आणि त्यांची मेंढरे. तेव्हा पाळक कोण होणार हा प्रश्न त्या चाळीस तंबूंचाही होता, जरी त्यांना कोणी विचारले नव्हते.

चिठ्ठी ठेवण्याचे काम मंडळीचे कारभारी बर्नहार्ड वॉल यांचे. हाइनरिख त्यांचा जावई. आतल्या खोलीत त्यांनी दार लावले, चिठ्ठी माझ्यात सारली आणि दोरा बांधला. त्यांची बोटे घामाने ओली होती. मला तेव्हाच कळले. तीन पुस्तकांतून माणूस मला निवडतो ते काय माझ्या रूपावर भाळून?

मेजावर मी मधोमध होतो. सगळे मान खाली घालून बसले. हाइनरिख लगेच उठेल असे मला वाटले होते. तो उठला नाही. हात जोडून, चेहरा नम्र करून बसून राहिला. पहिल्याच झटक्यात उठला तर हावरट दिसेल ना! तेवढ्यात काठी वाजली. इस्ब्रांड लंगडत मेजाशी आले. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला, आणि मित्रांनो, उचलण्याआधी त्यांचा अंगठा माझ्या कोपऱ्यावरून फिरला. खाल्लेला कोपरा हाताला लागला, तिथे थांबला, मग त्यांनी मला उचलले.

हे फक्त मला कळले. लोकांनी चिठ्ठी पाहिली आणि ते रडू लागले. लंगड्या, अबोल माणसाला देवाने निवडले! कारभारी वॉल तर भिंतीला टेकून मटकन खाली बसले. लोकांना वाटले, आनंदाने.

तिथून पुढची अकरा वर्षे मी इस्ब्रांडच्या घरी काढली, चीजच्या पिंपांवरच्या मांडणीवर. मी त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. चोर कधी ना कधी चोरीचा माल मिरवतो, असा माझा अंदाज होता. पण हा माणूस मिरवेचना. जेवणावळीत शेवटच्या बाकावर बसे. तापाच्या साथीत घरोघर फिरला. पाटाची फळी त्याने एकदाही पडू दिली नाही. मला त्याचा फार राग येई. वाईट वागला असता तर माझा जीव एकदाचा सुटला असता.

सिदिक चीज न्यायला येई तेव्हा पिंपावरच बैठक मारी.

"काय रे लंगड्या मुल्ला, तुमचा देव म्हणे चिठ्ठीतून बोलतो?"

"बोलतो असं म्हणतात."

"बरं आहे बाबा. आमच्याकडं म्हाताऱ्यांच्या आरडाओरड्यातून बोलतो, डोकं उठतं नुसतं. पण तुला निवडलंन् म्हणून आमची मेंढरं जगली. त्याला माझा सलाम सांग."

इस्ब्रांड हसले नाहीत. कोणी "देवाची निवड" म्हटले की ते मला खाली घेत आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसत. मी मनात म्हणे, फिरवा, फिरवा, तुमचे तुम्हाला ठाऊक.

अकराव्या वर्षी कारभारी वॉल अंथरुणाला खिळले. शेवटच्या प्रार्थनेसाठी त्यांनी पाळकांना बोलावले. इस्ब्रांड मला काखेत घेऊन गेले, म्हणून पुढचे सगळे मी स्वतः ऐकले आहे.

"इस्ब्रांडभाऊ, मी पापी आहे," वॉल धापा टाकत म्हणाले. "ती चिठ्ठी मी मुद्दाम या कुरतडलेल्या पुस्तकात घातली होती. जावयाला सांगून ठेवलं होतं, की कोपरा बघून उचल. आणि देवानं काय केलं? माझ्या डोळ्यांदेखत तुम्हाला उठवलं! त्या दिवसापर्यंत मी देव फक्त तोंडानं मानत होतो. त्या दिवशी दिसला मला. तेवढ्या एका गोष्टीवर मी आता डोळे मिटतोय."

इस्ब्रांडच्या काखेत मी दाबला जात होतो. मग त्यांनी म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना म्हटली. वॉल शांतपणे गेले. मी मात्र पेटलो होतो. आता तरी बोलायचे होते!

घरी आल्यावर ते चुलीपाशी बसले. त्यांची बायको युस्टिना हिने पुढ्यात आलुबुखाऱ्याचे सार ठेवले, त्याला त्यांनी हातही लावला नाही.

"अहो, म्हातारं माणूस गेलं, वाईट वाटायचंच. दोन घास खा."

"युस्टिना, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"चिठ्ठीच्या आदल्या दिवशी वॉलकडं चीज द्यायला गेलो होतो. दाराआड उभा होतो. कोपरा बघून उचल, हे मी ऐकलं होतं."

युस्टिनाने हातातला डाव खाली ठेवला.

"म्हणजे पाणी वाचवायला उचललंत तुम्ही."

"असं मी स्वतःला सांगतो. पण तसं असतं तर उठून सगळ्यांसमोर बोललो असतो, की पुस्तकं बदला. बोललो नाही. उचललं. मला आयुष्यभर कुणी काही उचलायला दिलं नव्हतं, युस्टिना."

"मग आता गप्प बसा. अकरा वर्षं चांगली गेली ना? सांगून कुणाचं भलं होणार?"

"देवानं निवडलं म्हणून लोक माझं ऐकतात. त्याचं नाव मी वापरतोय, त्याला न विचारता."

तिने साराचा वाडगा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "सार गार होतंय. खा आणि रविवारी सांगा. उपाशीपोटी सांगू नका, चक्कर येईल."

मित्रांनो, अकरा वर्षे मी या क्षणाची वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मला मुळीच आनंद झाला नाही. मला त्यांची फार दया आली. आपण ज्याला पकडायला टपून बसलो, तो स्वतःलाच रोज पकडत होता, हे मला दिसलेच नव्हते.

रविवारी त्यांनी सगळे सांगितले. मला मेजावर ठेवले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. प्रार्थनाघरात इतका गोंधळ मी कधी ऐकला नव्हता. कोणी रडले, कोणी "ढोंगी!" म्हणाले. एकाने विचारले, मग अकरा वर्षांत लागलेली लग्ने खरी की खोटी? तेवढ्यात हाइनरिख उठला. तो आता पंचेचाळीसचा होता, दाढी पांढरी व्हायला लागलेली.

"सासऱ्यांनी मला सांगितलं होतं, हे खरं आहे. मी उठणार होतो. पण नम्र दिसावं म्हणून शंभर आकडे मोजत होतो. त्र्याहत्तरवर हे उठले."

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळेच हसले.

पुन्हा चिठ्ठ्या टाकायचे ठरले. इस्ब्रांडनी आपले नाव घेऊ दिले नाही. नावे आली कॉर्नेलियसचे, शाळामास्तरांचे, आणि खरे बोलला म्हणून हाइनरिखचेही. यंदा कारभार प्रार्थनाघर झाडणाऱ्या अगानेटा आजींनी हाती घेतला. त्यांनी घरून तीन उशांचे अभ्रे आणले, एकाच कापडाचे. प्रत्येकात एक पुस्तक, खाली-वर गव्हाचा भुसा, तोंडाला गाठ.

"आता बघा कोपरे!" आजी म्हणाल्या.

मीही एका अभ्र्यात होतो. भुशात मला काही दिसत नव्हते, आणि चिठ्ठी माझ्यात नव्हती एवढेच ठाऊक होते. आयुष्यात प्रथमच मला काही कळत नव्हते. सगळ्यांचे डोळे तपासणारा मी, आंधळा होऊन पडलो होतो. बोलणे तेवढे ऐकू येत होते.

मला मास्तरांनी उचलले आणि भुशातून बाहेर काढले. चिठ्ठी निघाली हाइनरिखच्या पुस्तकात.

अकरा वर्षांपूर्वी ज्याच्या हातून इस्ब्रांडनी ती काढून घेतली, त्याच्याच हातात ती आली. मला वाटले, हाइनरिख आता छाती काढून उभा राहील. पण त्याने पुस्तक मेजावर परत ठेवले.

"पुन्हा टाका. कुणीतरी काहीतरी केलंय."

"अभ्रे माझे, गाठी माझ्या," आजी कडाडल्या. "संशय असेल तर माझ्यावर घे, नाहीतर वर त्याच्यावर. मध्ये तिसरं कुणी नाही."

रीतीप्रमाणे जुन्या पाळकाने नव्याच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो. इस्ब्रांड लंगडत पुढे गेले. ज्या माणसाच्या भीतीने त्यांनी आपले मन काळे केले होते, त्याच्याच केसांवर त्यांनी दोन्ही हात ठेवले. चाळीस तंबूंचे पाणी त्या हातांखालून निसटले होते. प्रार्थना अर्धवट राहिली, ती मंडळीने पुरी केली.

मला इस्ब्रांडच्या मांडणीवर परत ठेवण्यात आले. संध्याकाळी दार वाजले. हाइनरिख टोपी हातात घेऊन उभा होता. युस्टिना त्याला आत ये म्हणाली नाही.

"काका," तो म्हणाला, "उद्या पाटावर याल माझ्याबरोबर?"

"फळी टाकायला?" इस्ब्रांडनी विचारले.

"फळी तुमच्या घरी ठेवायला. चक्की माझी, आता शब्दही माझा चालणार. माझ्या घरी फळी राहिली तर मी ती टाकीन, काका. आज नाही, दोन वर्षांनी टाकीन. आणि वर म्हणेन की देवानं सांगितलं. मला माझाच भरवसा वाटत नाही."

युस्टिनाने दार सताड उघडले, पिंपाजवळचे बाकडे पुढे सरकवले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, देवाची चिठ्ठी खरी आत्ता उघडली बघा."

मित्रांनो, पाटाची ती फळी आजही माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी आहे. माझी पाने पिवळी पडली आहेत, मला आता कोणी गात नाही. तुम्ही कधी इथे आलात तर माझ्यावरची धूळ तेवढी झटका. पण कोपरा डिंकाने सांधू नका, तो तसाच राहू द्या. उद्या तुमच्याही हाती कोणी गाव देईल, वर्ग देईल, घर देईल, आणि लोक म्हणतील ही देवाची निवड. तेव्हा मला हातात घ्या आणि त्या कोपऱ्यावरून एकदा अंगठा फिरवून पाहा.