तांदळाचं बाळ

"गाडीत सीट बसवल्याचा फोटो आला की मी निघते. त्याआधी नाही," कृतिकाने कल्याणहून फोनवर सांगून टाकलं.

कृतिका माझी नातसून. बाळंतपणाला आईकडे गेली होती. सव्वा महिना होत आला होता, घरच्या घरी बारसंही झालं होतं आणि आता माझा पणतू ठाण्याला कोपरीच्या घरी यायचा होता. माझ्या नातवाचे, देवेशचे, आईवडील गावच्या घराचं छप्पर करून घ्यायला चिपळूणला अडकले होते. त्यामुळे बाळाला आणायला जायचा मान माझ्याकडे आला. माझ्या लेखी त्या मानाचा अर्थ एकच. कल्याण ते कोपरी बाळ माझ्या मांडीवर असणार.

"अरे, गाडीला सीटा आहेत की," मी देवेशला म्हटलं.

"ती नाही गं आजी. लहान बाळांची वेगळी येते. त्यात ठेवून पट्ट्याने बांधायचं."

"बाळ बांधलेलं, मग मी कशाला येऊ? नारळ धरायला?"

"तू कंपनी द्यायला ये ना," तो म्हणाला. मला राग आला.

त्याच्या बापाला, रतनला, मी असंच कल्याणहून आणलं होतं. माझं माहेर पारनाक्याला. हे न्यायला आले आणि बसायला नक्की मिळेल म्हणून मुद्दाम एसटी धरली. कंडक्टरने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून एका पोतंवाल्याला उठवलं, "लेकुरवाळी बाई आहे, सरका हो." पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, अंगाला अजून धुरीचा वास. रतनला मांडीवर घेऊन मी पदराने त्याला स्वतःशी बांधून टाकलं. ह्यांनी पुढच्या दांड्याला हात आडवा धरला तो थेट खोपटच्या डेपोपर्यंत. "हात दुखेल तुमचा," मी म्हटलं. "दुखू दे," ते म्हणाले. रतन सगळी वाट झोपला होता. त्याच्या डोक्याचा भार माझ्या कोपरावर होता तो मला आजही आठवतो. तेच सुख पुन्हा एकदा मिळणार, म्हणून मी महिनाभर दिवस मोजत होते.

सीट बघायला मी आपण होऊन निघाले. मनात होतं की एकही पसंत करायची नाही. पण नुसती नाकं मुरडली तर देवेश ऐकणार नव्हता. म्हणून कृतिकाने सांगितलेल्या बाळाच्या वजनाइतके तांदूळ काट्यावर मोजले, जुन्या लुगड्याच्या धडप्यात घट्ट बांधले आणि वर आणखी एक गाठ मारून डोकं केलं.

"हे काय?" देवेशने विचारलं.

"तुझा मुलगा. साधं झबलं घेतानाही आपण अंगाला लावून बघतो. त्याला दुकानात न्यायचं नाही, मग हा नको?"

जाताना गाठोडं मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले. घरातल्या मोठ्यांनी पुढेच बसायचं, ही आमच्याकडची रीत.

दुकानात सोनल नावाची मुलगी होती. गाठोडं बघून ती हसली नाही. उलट, "आणा, बाळाला बसवून बघू," म्हणाली. पहिली सीट काळी होती.

"तान्ह्या बाळाला काळं?" मी म्हटलं.

"आजी, तीट चालते ना काळी? मग सीटही चालेल."

मुलगी तयार होती. दुसरीची गादी मला टणक लागली. तिसरीचं कापड बघून म्हटलं, "ठाण्याच्या उकाड्यात यात त्याची भाकरी भाजेल." चौथीत बाळाचं तोंड मागे.

"सगळ्यांतच मागे असतं, आजी. एवढ्या लहान बाळाला असंच बसवायचं. मान धरलेली नसते ना अजून."

"म्हणजे जगाला पाठ करून यायचं त्याने?"

देवेशने माझ्याकडे बघितलं. त्याला बहुतेक सगळं कळलं होतं. "राहू दे," तो सोनलला म्हणाला. "आजीला नाही पटत. मी कृतिकाशी बोलतो."

मी जिंकले होते. गाडीत बसताना पट्टा लावला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात त्याच्याभोवती घातले. वाटेत त्याला थोपटलंही, आता सांगायला काय जातंय! गाडी काही जोरात नव्हती. कोपरीच्या पुलाखाली एक रिक्षा डावीकडून एकदम आडवी आली आणि देवेशने ब्रेक मारला.

पट्ट्याने मला जागच्या जागी धरून ठेवलं. गाठोडं माझ्या हातांत नव्हतं. ते समोर आपटलं, डोक्याची गाठ सुटली आणि माझ्या पायांपाशी तांदूळ सांडले. रिक्षावाला मागे न बघता निघून गेला.

देवेशने गाडी कडेला घेतली. "लागलं का आजी?"

"नाही."

मी हातांकडे बघत होते. गाठोडं सैल धरलं होतं, असं नव्हतं. थोपटणारा एक हात तर त्याच्या पाठीवरच होता. मला इतकी वर्षं रतनचं मांडीवरचं डोकं तेवढं आठवत होतं. पुढच्या दांड्याला आडवा धरलेला ह्यांचा हात मी कुठे मोजलाच नव्हता. आणि तो पदर? तो तरी काय होता, पट्टाच की.

देवेश खाली वाकून तांदूळ गोळा करायला लागला.

"असू दे ते," मी म्हटलं. "गाडी फिरव."

"कुठे?"

"दुकानात. बंद व्हायच्या आत."

सोनलने मला बघून भुवया उंचावल्या. "काळी द्या," मी म्हटलं. "पण कापड सुती मिळतं का बघा वरून घालायला. आणि पट्टा कसा लावायचा ते मला दाखवा, ह्याला नको. हा विसरतो."

"आजी!" देवेश म्हणाला.

तिने तीन वेळा करून घेतलं माझ्याकडून. गाडीत सीट बसवून देवेशने फोटो पाठवला. त्यात सीटपेक्षा मीच जास्त दिसत होते. कृतिकाचं उत्तर आलं, "आजींना घेऊन या. मी तयार आहे."

रविवारी कल्याणला गेलो. कृतिकाच्या आईने, कल्पिताताईंनी, बाळाची दृष्ट काढली, माझी ओटी भरली. निघताना देवेशने सवयीने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. "तिथे तुझी बायको बसेल," मी म्हटलं आणि मागे सीटशेजारी जाऊन बसले. बाळाला ठेवलं, खांद्यांवरचे पट्टे सारखे केले, टक् असा आवाज ऐकला. तो मागच्या काचेकडे तोंड करून होता. मला वाटलं होतं त्याची पाठच दिसेल, पण शेजारी बसल्यावर त्याचा चेहरा अगदी माझ्यासमोर आला. दुर्गाडीचा पूल लागायच्या आत झोपला. बापावर गेलाय. बापाच्या बापावर.

मी सीटच्या कडेवर हात आडवा ठेवला.

थोड्या वेळाने कृतिका मागे वळून म्हणाली, "आजी, पट्टा आहे ना. हात दुखेल तुमचा."

"दुखू दे," मी म्हटलं.

देवेश इतक्या हळू चालवत होता की मागचे हॉर्न वाजवून वाजवून कंटाळले. घरासमोर गाडी थांबली. कृतिका उतरली आणि चप्पल झटकून तळव्याकडे बघायला लागली. "गाडीत तांदूळ कसले?"

देवेश आरशातून माझ्याकडे बघत होता.

"तुझ्या लेकाने घरात यायच्या आधीच माप ओलांडलं," मी म्हटलं.

"म्हणजे? कधी?"

"सगळं सांगते. आधी तो पट्टा सोडते, मग ह्याला माझ्याकडे दे. दारापर्यंत तरी माझाच आहे तो."

पट्टा मीच सोडला, पहिल्याच खेपेला. कृतिकाने त्याला उचलून माझ्या हातांत दिलं. तांदळाच्या गाठोड्यापेक्षा तो जड लागला. एवढ्या दिवसांत अंगाने भरला होता.